तेरावं चित्र

फादर लोपीस यांचा फोन आला तेव्हा जीवन पगारे नाशिकरोडच्या आपल्या घरात टीव्ही लावून बसले होते. टीव्हीवर काय चाललंय असं कुणी विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

फादरांनी आपली ओळख करून दिली. मूळचे वसईचे, आता हरसूलच्या पुढं खैरपाडा नावाच्या गावात असतात. गावाजवळच्या टेकडीवर त्यांचं एक लहान चर्च आहे आणि पायथ्यापासून चर्चपर्यंतच्या पायवाटेला लोक क्रूसाची वाट म्हणतात. येशूला शिक्षा सुनावली तिथपासून त्याला कबरीत ठेवलं तिथपर्यंतची चौदा चित्रं त्या वाटेच्या कडेनं लावलेली. उपवासाच्या दिवसांत माणसं एकेका चित्रापाशी थांबतात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात आणि पुढं चढतात. जुनी चित्रं काचेत बसवलेली छापील होती. त्या भागातल्या पावसानं ती पार कुजवली. आता पत्र्यावर ऑइल पेंटनं काढून हवीत.

"उपनगरच्या विहारातला तुमचा बुद्ध बघितला मी," फादर म्हणाले. "म्हणून नंबर शोधला."

जीवनरावांनी विचार करून सांगतो म्हटलं आणि फोन ठेवला. पाच महिने त्यांनी ब्रश हातात घेतला नव्हता.

तरुणपणी ते दुकानांच्या पाट्या रंगवत. ट्रकच्या मागची फुलं, शाळांच्या भिंतींवरचे नकाशे, किराणा दुकानांची शटरं असं काहीही. फ्लेक्स आल्यावर ते काम हळूहळू संपलं. राहिलं ते विहारांचं. बुद्धाचं चित्र काढावं तर पगारेंनीच, असं जेलरोडपासून देवळाली कॅम्पपर्यंत लोक म्हणायचे. मिटत आलेले डोळे, ओठांच्या कडेला हसू म्हणावं की नाही असं काहीतरी. त्यांच्या हाताला तो चेहरा इतका बसला होता की रेडिओ ऐकताऐकता ते तो काढू शकत.

गेल्या भाद्रपदात त्यांचा मुलगा सनी डेंग्यूनं गेला. एकुलता एक, चोवीस वर्षांचा, सिन्नरच्या एका कंपनीत नुकताच कायम झालेला. ताप आला, उतरला, बरं वाटतंय म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी हातपाय गार पडायला लागले. जवळच्या दवाखान्यानं मोठ्या हॉस्पिटलला न्या म्हणून सांगितलं. ॲम्ब्युलन्स मिळेना, म्हणून शेजाऱ्याच्या ईको गाडीतून नेला. हॉस्पिटलच्या दारात डॉक्टरांनी त्याला तपासलं आणि मान हलवली.

त्यानंतरचं सगळं जीवनरावांनी निभावलं. कागदपत्रं, नातेवाइकांना फोन, अंत्यविधी, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम. भेटायला येणाऱ्याला ते स्वतः खुर्ची देत, चहाचं विचारत. डोळ्यांत पाणी नाही, आवाजात कंप नाही. माणसं बाहेर पडताना म्हणायची, पगारेंनी काय धीरानं घेतलंय.

त्यांची बायको छाया पहिले काही दिवस ऊर बडवून रडली आणि मग गप्प झाली. गप्प म्हणजे कामापुरती बोलायची. मीठ संपलं, गॅस आला, तुमचा शर्ट दोरीवर आहे. घरात दोन माणसं होती आणि त्यांच्यात एवढंच बोलणं उरलं होतं.

जीवनरावांनी दोन दिवसांनी फादरांना होकार कळवला. विहारातला त्यांचा जुना मित्र गोरक्ष भालेराव याच्या कानावर ते गेलं. त्यानं सरळ विचारलं, आपण बुद्धाची माणसं, तू हे काम कसं घेतलंस? जीवनराव म्हणाले, त्यांनी मला चित्रं काढायला बोलावलंय, प्रार्थना म्हणायला नाही. गोरक्षनं थोडा विचार केला आणि पत्रा कुठून स्वस्तात मिळेल ते सांगितलं.

काम ओसरीवर सुरू झालं. पत्रे कापून आणले, घासले, गंज धरू नये म्हणून रेड ऑक्साइडचा हात दिला. फादरांनी नमुन्यासाठी जुन्या चित्रांचे फोटो मोबाइलवर पाठवले होते. शिपाई, भाले, दगडी रस्ता, बघ्यांची गर्दी हे सगळं भराभर होत गेलं. क्रूसाखाली तीनदा पडणारा येशूही जमला. ओझ्याखाली वाकलेली पाठ त्यांनी मार्केट यार्डात आयुष्यभर बघितली होती. त्याचं घामाचं तोंड पुसणारी बाई काढताना त्यांना बरंही वाटलं.

अडलं ते आईपाशी. चौथ्या चित्रात मरिया गर्दीतून वाट काढत मुलाला भेटते. जीवनरावांनी चेहरा काढला आणि लांब जाऊन बघितला, तर तो त्यांचा नेहमीचा चेहरा होता. मिटत आलेले डोळे, शांत ओठ. ते चित्र त्यांनी तसंच राहू दिलं. पण तेराव्या चित्रात मुलाला क्रूसावरून उतरवून आईच्या मांडीवर ठेवलेलं असतं. तिथं हा चेहरा चालणार नव्हता. त्यांनी तो पुसला, पुन्हा काढला. भुवया उचलून बघितल्या, तोंड उघडं ठेवून बघितलं. रंग वाळेपर्यंत चेहरा परत शांत झालेला असायचा. त्यांचा हातच तिकडं वळत होता.

एका सकाळी छाया वाळलेले कपडे घेऊन ओसरीवरून आत निघाली होती. ती तेराव्या चित्रासमोर थांबली. एवढ्या दिवसांत तिनं त्या पत्र्यांकडं एकदाही बघितलं नव्हतं. आता बराच वेळ बघितलं आणि आत गेली.

मार्चच्या मध्याला चौदापैकी तेरा पत्रे तयार झाले. तेराव्या चित्राचा तेवढा अर्धवट राहिला, तो गावातच पुरा करू असं ठरलं. बसवतानाही जीवनरावांनी हजर राहावं अशी फादरांची इच्छा होती, म्हणजे आठ-दहा दिवसांचा मुक्काम. छायाला एकटं ठेवायचं कसं, हा प्रश्न होता, कारण ती एकटी असली की जेवत नसे. येतेस का, असं त्यांनी भीत भीत विचारलं. ती म्हणाली, येते. लगेच पिशवीही भरायला घेतली.

पिकअपमध्ये जुन्या गोधड्यांत गुंडाळलेले पत्रे रचून ते त्र्यंबकमार्गे निघाले. डोंगर वाळून पिवळे पडले होते. मध्येच एखादा पळस लाल दिसायचा. खैरपाड्यात फादर रस्त्यापर्यंत घ्यायला आले होते. पन्नाशीचे, सडपातळ, पायात प्लॅस्टिकच्या चपला. त्यांनी दोघांची सोय चर्चच्या मागच्या खोलीत केली आणि चिमणाबाईंची ओळख करून दिली. चर्चची झाडलोट, फादरांचा स्वयंपाक, आल्यागेल्याचं बघणं हे सगळं या चिमणाबाई करत. साठीच्या पुढची, बारीक चणीची, भरभर चालणारी बाई.

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या दोन-तीन गड्यांना घेऊन पत्रे बसवायचं काम सुरू झालं. दगडमातीचे लहान कोनाडे आधीच बांधून ठेवले होते. छाया पहाटेच चिमणाबाईंबरोबर मोहाची फुलं वेचायला जायला लागली. झाडाखाली पांढरट फुलांचा सडा पडलेला असे, त्याचा गोड जड वास कपड्यांना येई. चिमणाबाई तिला काही विचारत नसत. मुलं किती, घरी कोण, यातलं काहीच नाही. फुलं कशी वेचायची, कुठली टाकायची एवढंच सांगत. जीवनरावांनी टेकडीवरून बघितलं तर दोघी बायका वाकून शेजारीशेजारी वेचत असायच्या. छाया दुपारी स्वतःहून भाकरी मागून घ्यायला लागली होती.

तेराव्या चित्रासाठी जीवनरावांनी चर्चच्या पडवीत जागा केली. एकदा चिमणाबाई पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबल्या.

"ही बाय ध्यानाला बसलीय का?" त्यांनी विचारलं.

त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांना खरोखरच तसं वाटलं होतं. जीवनराव म्हणाले, नाही, पोराला घेऊन बसलीय, अजून चेहरा व्हायचाय. चिमणाबाई बरं म्हणून गेल्या.

त्या दुपारी जीवनरावांनी मरियेच्या गालांवर आसवं काढली. पांढऱ्याचे थेंब, खाली निळसर सावली. थेंब छान उतरले, पण ते वरून चिकटवल्यासारखे दिसत होते. चेहऱ्याला त्यांचा पत्ताच नव्हता. ब्रश बाजूला ठेवून ते चित्राकडं बघत बसले.

छाया फुलं वाळत घालून आली आणि त्यांच्या मागं उभी राहिली.

"ते पाणी पुसा," ती म्हणाली.

"कुठलं पाणी?"

"तिच्या गालावरचं. तशी वेळ आली की रडू येत नाही."

जीवनराव तिच्याकडं वळले. ती पडवीच्या पायरीवर बसली. पदरानं मान पुसली. मग ती बोलली ते चित्राकडं बघून, त्यांच्याकडं नाही.

"सनी वाटेतच गेला. द्वारकेच्या सिग्नलला."

जीवनरावांना आधी नीट कळलंच नाही. सनी हॉस्पिटलच्या दारात गेला, हे त्यांनी आतापर्यंत शंभर जणांना सांगितलं होतं.

"माझ्या मांडीवर डोकं होतं. एक श्वास घेतला त्यानं आणि पुढचा घेतलाच नाही. मी वाट बघितली. सिग्नल सुटला तरी नाही घेतला. तुम्ही पुढं बसून गाडी घाल, गाडी घाल करत होता. मागं न बघता विचारलंत, कसा आहे म्हणून."

"तू म्हणालीस झोपलाय."

"हो. झोपलाय म्हणाले. त्याचं तोंड उघडं पडत होतं. मी हनुवटीखाली हात धरून ठेवला. खड्डा आला की हात निसटायचा, परत धरायचे. तुम्ही वळून बघितलं असतं तर तुम्हाला कळलं असतं. मला वाटलं, हॉस्पिटल येईपर्यंत तरी यांचा पोरगा जिवंत राहू दे."

खाली पायवाटेवर गडी पहारीनं दगड हलवत होते, त्याचा आवाज येत होता. बाजूला ठेवलेला ब्रश वाळून चालला होता.

"मला सांगितलं का नाहीस?" ते म्हणाले. "एवढे महिने."

"कधी सांगू? तुम्ही खुर्च्या मांडत होता." तिच्या आवाजात राग नव्हता, होता तो कधीच दमून गेला असावा. "मला वाटायचं, या माणसाला काही झालंच नाही. मी एकटीच त्या गाडीत बसलेय अजून."

जीवनरावांना काही तरी बोलायचं होतं. माझा हात थरथरला असता तर सगळंच कोसळलं असतं, म्हणून मी खुर्च्या मांडत होतो, असं काहीतरी.  त्याऐवजी त्यांनी रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि मरियेच्या गालांवरची आसवं पुसून टाकली. मग पूर्ण चेहराच पुसला. पत्र्यावर तांबडट डाग राहिला.

"तू कुठं बघत होतीस?" त्यांनी विचारलं.

"समोर. रस्त्याकडं. त्याच्याकडं बघितलं असतं तर हात सुटला असता."

"तशी बसशील का?"

छाया उठली, खोलीतून एक घोंगडी घेऊन आली, ती घडी करून मांडीवर घेतली आणि उजवा तळवा, हनुवटीखाली धरावा तसा, तिच्या कडेखाली धरला. डाव्या हातानं घोंगडी छातीशी ओढली. तिनं समोर बघितलं. समोर पडवीचा खांब होता आणि त्याच्या पलीकडं उतरणीवरची वाळलेली झाडं. ती खूप वेळ हलली नाही. जीवनरावांनी त्या बसण्यात पहिल्यांदाच बघितलं की तिचा खालचा ओठ आत दाबलेला आहे आणि मानेची एक शीर ताठ झाली आहे. त्यांनी ते तसंच काढलं. डोळे उघडे, कोरडे, समोर लागलेले. हनुवटीखालचा हात त्यांनी दोनदा काढला, कारण पहिल्यांदा तो कुरवाळल्यासारखा झाला होता. त्यात जोर हवा होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा फादर गावातल्या शाळेत शिकवून परत आले. चित्र बघून त्यांनी सायकल भिंतीला लावली आणि जवळ आले.

ते म्हणाले, आजवर त्यांनी बघितलेल्या चित्रांत ही आई एक तर आकाशाकडं बघते, नाही तर मुलाच्या तोंडाकडं. वसईत त्यांच्या लहानपणच्या चर्चमध्येसुद्धा तसंच होतं. इथं ती समोर बघतेय. हे चालेल का, याचा ते विचार करत होते, हे दिसत होतं.

"कुठं बघतेय ती?" त्यांनी विचारलं.

 छाया अजून घोंगडी मांडीवर घेऊन बसली होती.

"अजून पोचायचंय, फादर," ती म्हणाली. "त्या रस्त्याकडं."

फादरांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या घोंगडीकडं बघितलं. सनीचं त्यांना माहीत नव्हतं, पण तेवढ्यावरून त्यांना बरंच कळलं असावं.  असंच राहू द्या, म्हणाले, आणि मग आत जाऊन दोघांसाठी स्वतः चहा करून आणला.

चित्र वाळायला दोन दिवस लागले. ते बसवून झाल्यावर जीवनरावांचं काम संपलं होतं. परत जायला हरकत नव्हती. पण फादरांनी गुड फ्रायडेपर्यंत राहा म्हणून आग्रह केला आणि छायाही राहू म्हणाली. त्या दिवसांत दोघं फार बोलले असं नाही. पण संध्याकाळी जीवनराव पायवाटेनं चक्कर मारायला निघाले की ती चपला घालून बरोबर यायची.

गुड फ्रायडेला सकाळपासूनच माणसं यायला लागली. आजूबाजूच्या पाड्यांवरची, काही पेठ-सुरगाण्याच्या बाजूची, आदल्या दिवशी घरून पायी निघालेली. म्हाताऱ्या बायका अनवाणी होत्या. कुणाच्या कडेवर मूल, कुणाच्या हातात पाण्याची बाटली. दुपारी ऊन चढल्यावर फादर लाकडी क्रूस खांद्यावर घेऊन पुढं निघाले आणि माणसं मागून चढायला लागली. प्रत्येक चित्रापाशी सगळे धुळीत गुडघे टेकत, फादर दोन ओळी वाचत, बायका गाणं म्हणत आणि रांग पुढं सरके.

जीवनराव आणि छाया शेवटी होते. ते गुडघे टेकत नव्हते, पण सगळे थांबले की थांबत. आपल्या चित्रांसमोर इतकी माणसं इतका वेळ थांबलेली जीवनरावांनी कधी बघितली नव्हती. विहारात लोक वंदन करत ते बुद्धाला. इथं लोक चित्रातलं बघत होते. शिपायाचा भाला एकमेकांना दाखवत होते. तिसऱ्यांदा पडलेल्या येशूपाशी एक माणूस स्वतःच्या गुडघ्याला हात लावून काहीतरी पुटपुटला.

तेराव्या चित्रापाशी रांग थांबली आणि लवकर हलेना. फादरांचं वाचून झालं, गाणं संपलं, तरी पुढच्या बायका उठल्या नाहीत. एकीनं हात लांब करून मरियेच्या हाताला, त्या हनुवटीखालच्या हाताला बोट लावलं आणि आपल्या कपाळाला लावलं. तिच्यामागून दुसरीनं तसं केलं. मग चिमणाबाई पुढं झाल्या. त्यांनी चित्राकडं बघत हळूच म्हटलं, "तोंड मिटून धरलंय तिनं." आजूबाजूच्या बायकांनी माना डोलावल्या. त्यांतल्या बऱ्याच जणींनी घरातल्या कुणा ना कुणाचं तोंड शेवटी तसं धरलेलं असणार.

जीवनराव रांगेतून बाहेर पडले आणि कडेच्या सादड्याच्या झाडाखाली जाऊन बसले. आधी त्यांना वाटलं उन्हानं चक्कर आली. मग त्यांच्या घशातून असा एक आवाज निघाला की तो आपला आहे हे त्यांना ओळखू आलं नाही. त्यांनी तोंडावर हात दाबला, पण तो आवाज थांबला नाही. ते रडत होते, आणि इतक्या माणसांसमोर रडत होते. रांगेतल्या दोघांतिघांनी वळून बघितलं आणि परत पुढं बघितलं. त्या वाटेवर कुणीतरी रडणं हे काही नवीन नव्हतं. ओळख ना पाळख अशा एका माणसानं त्यांच्याजवळ पाण्याची बाटली ठेवली आणि तो चढत गेला.

छाया आली. तिनं त्यांना गप्प बसा म्हटलं नाही, पाठीवर हातही फिरवला नाही. शेजारी बसली आणि बसून राहिली. ते मध्येच काहीतरी बोलले, त्यातले फक्त "मी वळून बघायला हवं होतं" एवढे शब्द तिला समजले.

"बघितलं असतंत तर मला धरता आलं नसतं," ती म्हणाली. "बरं झालं नाही बघितलंत."

रांग वर निघून गेली होती. शेवटचं चित्र कबरीचं होतं आणि गाणं आता तिकडून येत होतं. जीवनरावांनी बाटलीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. दोघं उठले आणि सावकाश चढून त्या चित्रापर्यंत गेले.

प्रार्थना संपल्यावर चर्चमागच्या मांडवात सगळ्यांना नागलीची पेज वाढली. उपवासाचा दिवस, त्यामुळं बरोबर फक्त मीठ आणि लसणाची चटणी. छाया चिमणाबाईंजवळ बसली होती, जीवनराव थोडे पलीकडं. पेज पिऊन झाल्यावर छायानं आपण होऊन सांगितलं की तिला एक मुलगा होता, सनी नावाचा, गेल्या भाद्रपदात गेला. चिमणाबाईंनी वाडगं खाली ठेवलं आणि विचारलं, कसा होता?

छाया सांगायला लागली. उंच होता. शाळेत असताना मारकुटा होता, नंतर शांत झाला. गाड्यांचा फार नाद. कंपनीत पहिला पगार झाला तेव्हा तिच्यासाठी साडी आणली, रंग असा की नेसवेना, तरी नेसली. दिवाळीत चिवडा करताना तो अर्धा कढईतूनच संपवायचा. गाणी म्हणायचा आंघोळ करताना, तीसुद्धा कुठली तर...

तिला गाणी आठवेनात. जीवनराव पेजेचं वाडगं घेऊन उठले आणि त्या दोघींजवळ येऊन बसले.

"जयंतीच्या मिरवणुकीतली," ते म्हणाले. "आणि एकाचंही दुसरं कडवं येत नव्हतं त्याला."

छाया हसली. चिमणाबाईंनी दोघांच्या वाडग्यात आणखी थोडी पेज वाढली आणि विचारलं, मिरवणुकीत नाचायचा का?

"तर काय," छाया म्हणाली, आणि दोघं मिळून ते सांगायला लागले.